बैठक

आमच्या हॉलमधल्या सोफ्याला उजव्या कोपऱ्यात एक खळगा पडलाय. तो तिथेच का पडला, हे दिवाळीच्या साफसफाईत सोफा ओढला तेव्हा कळलं. चार्जरची वायर तिथवरच पोचते.

खळगा लेकीचा. ती नववीत आहे. शाळेतून आली की दप्तर दारात आणि ती खळग्यात. त्या बसण्याला बसणं म्हणवत नाही. डोकं हातावर, कंबर गादीच्या कडेला, टाचा टीपॉयवर आणि मोबाइल छातीवर. तासाभराने एक टाच दुसऱ्या टाचेवर जाते, तेवढीच काय ती हालचाल. मग सहाचा क्लास. तिथे बाकावर बसायचं असतं. जायला रिक्षावाले काका.

मराठीत ‘बैठक’ हा मोठा लबाड शब्द आहे. तालमीत माणूस शंभर बैठका मारून घामाघूम होतो आणि घरी येऊन बैठकीवर लोडाला टेकून बसतो. घाम आणि गादी, दोघांना नाव एकच. उठाबशांचंही तसंच. आमच्या शाळेत गृहपाठ राहिला की कान धरून वीस. शिक्षणहक्काचा कायदा २००९ सालचा, त्यात मुलांना शारीरिक शिक्षा करायला बंदी आहे आणि ते योग्यच झालं. पण मला शाळेत उठाबशा शिक्षा म्हणूनच भेटल्या, लेकीला त्या भेटल्याच नाहीत. व्यायाम म्हणून दोघींपैकी कोणीच काढल्या नाहीत.

‘ऊठ गं जरा,’ असं मी दिवसातून दहादा म्हणते. परवा कपाट आवरताना तिची बालवाडीतली डायरी सापडली. त्यात बाईंचा लाल शाईतला शेरा: ‘एका जागी बसत नाही. घरी सवय लावावी.’ खाली माझी सही. आम्ही सवय लावली की! जेवताना बस, पाहुण्यांसमोर नीट बस, बसून रंगव, बसून पाढे म्हण. दहा वर्षं मन लावून शिकवलेली ही एकच गोष्ट तिला पक्की आली, आणि आता त्याचीच तक्रार मी तिच्या आत्याला फोनवर सांगते. तीही सोफ्यावर बसून.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ५ ते १७ वर्षांच्या मुलांची रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेलशी हालचाल व्हावी. याच संघटनेच्या संशोधकांनी २०१६ पर्यंतची १४६ देशांची आकडेवारी तपासली, तर ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं तेवढी हलत नव्हती. मुलगे ७८ टक्के, मुली ८५. मुलींचा आकडा जास्त निघाला याचं मला नवल वाटलं नाही. आमच्या खालच्या पार्किंगमध्ये पाचवीपर्यंत मुली मुलांइतक्याच धावतात. सहावी-सातवीत त्या कडेच्या कठड्यावर बसायला लागतात, आणि आठवीत तो कठडाही सुटतो.

आता तर मुलगेही दिसत नाहीत. तिथे पाटी आहे, ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे.’ एका गाडीची काच फुटली, मग सोसायटीची मीटिंग झाली. हात वर करणाऱ्यांत मीही होते. काच आमच्याच गाडीची होती. शाळेत खेळाचा तास वेळापत्रकात छापलेला असतो, पण सहामाही जवळ आली की तो विज्ञानाच्या पोर्शनला जातो. ‘पीटीच्या तासाला भूमितीची वही न्यायची’ हे लेक इतक्या सहज सांगते, की तिला त्यात काही वावगं वाटत नाही.

मी शाळेत खो-खो खेळायचे. या खेळाचे नियम आमच्या पुण्यातच, १९१४ साली डेक्कन जिमखान्यावर बांधले गेले, हे मी तिला किमान चारदा ऐकवलंय. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० हरवलं, कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. तो सामना लेकीने पूर्ण पाहिला, टाळ्याही वाजवल्या. आडवी पडून.

‘पण त्यात तर बऱ्याच जणी बसूनच असतात,’ ती म्हणाली.

हे मात्र मला झोंबलं. अगं, ते बसणं वेगळं! एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे, हात जमिनीवर, एक पाय मागे चवड्यावर, सगळं अंग ताणलेलं. पाठीवर थाप आणि कानात ‘खो’ पडला की पुढच्या क्षणी तू तिथे नसतेस. सांगून पटेना, म्हणून टीपॉय बाजूला सारला आणि सोफा नि टीव्हीच्या मध्ये मी स्वतःच चौकात बसले. पंचेचाळिसाव्या वर्षी, सलवार-कमीजवर. बसणं झकास जमलं.

‘दे खो,’ मी म्हटलं.

तिने सोफ्यावरूनच पाय लांब करून अंगठ्याने पाठीला खो दिला. मी झेपावले आणि उजव्या गुडघ्यात काडकन वाजलं. ना पुढे जाता येईना, ना खाली बसता येईना.

तेव्हा ती उठली. हातातला मोबाइल ठेवून, दोन ढांगांत येऊन, काखेत हात घालून तिने मला उभं केलं. पोरीच्या हातात चांगला जोर आहे. मला आधार देत सोफ्यापर्यंत आणलं, खळग्यात बसवलं, पाठीमागे उशी दिली आणि ‘हलू नकोस’ असं दटावून बाम शोधायला आत गेली.

खळगा आरामशीर आहे.