मनूची दुपारची शिफ्ट

धाकट्या मेहुण्याच्या लग्नाचा मुहूर्त होता १२ वाजून ३७ मिनिटांचा. आमच्या लेकीच्या, मनूच्या झोपेचाही साधारण तोच. पंधरा महिन्यांची होती तेव्हा. सकाळची झोप नुकतीच सुटली होती आणि दुपारी साडेबाराला एकदा डोळा लागला की अडीचपर्यंत शेजारी कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी हलायची नाही. पण हे घरी. नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत, मी स्वतः खिळे ठोकून लावलेल्या काळ्या पडद्याआड. इथे होतं औरंगाबाद नाक्यापुढचं लॉन, मे महिना, आणि बँडवाल्यांत एक नवाकोरा ताशा.

बायको करवली. तिच्या हातात करा, डोक्यावर आईचा डोळा. म्हणजे मनू माझ्याकडे. तशीही ती दिवसा माझ्याकडेच असते. मी अंबडला कंपनीत तीन शिफ्टमध्ये काम करतो. थर्ड शिफ्ट असली की सकाळी साडेसातला घरी येतो, त्याच वेळी बायको शाळेत जाते (ती शिकवते), आणि ती दीड वाजता परत येईपर्यंत घरात आम्ही दोघंच, मी आणि मनू. आई खालच्या गल्लीत राहते, ती अधूनमधून येऊन मला दोन तास झोपू देते. बाकी वेळ कोण कोणाला झोपवतंय हे ठरवणं अवघड असतं.

पण त्यामुळे एक झालं. दिवसाढवळ्या, उजेडात, आवाजात, परक्या वेळेला झोप कशी आणायची याचा माझा अकरा वर्षांचा अनुभव आहे. कंपनीच्या बसमधून उतरताना मी काळा गॉगल लावतो. पोरं हसतात, ‘हिरो आला’ म्हणतात. पण सकाळचं ऊन डोळ्यांत गेलं की मेंदूला वाटतं दिवस उजाडला, आणि मग गादीवर नुसतं लोळायचं. साडेआठच्या आत आडवा झालो तर झोप लागते. नऊ वाजले, पेपर हातात घेतला, कुणाशी दोन शब्द बोललो, की डोळे टक्क. अंग मोडून आलेलं असतं, पण झोप गेलेली असते.

मनूचं अगदी हेच आहे. लोकांना वाटतं मूल दमलं की आपोआप झोपेल. ‘खेळू दे गं, दमली की पडेल.’ नाही पडत. डोळे चोळते, कान ओढते, मग एकदम शांत होऊन कुठेतरी बघत बसते. ती दहा मिनिटं हातची गेली की नंतर ती हसते, पळते, उड्या मारते, आणि सगळे म्हणतात, ‘बघा, हिला कुठे झोप आलीय!’ पुढचा तमाशा तीन वाजता असतो. तेव्हा हे म्हणणारे जेवून गेलेले असतात.

तर लग्न. बारा वाजता तिने पहिल्यांदा कान ओढला. मी तिला घेऊन वधूपक्षाच्या खोलीत गेलो, तिथे एसी होता. दिवा बंद केला, खांद्यावर टाकली, थोपटायला लागलो. तीन मिनिटांत दार उघडलं. मावशी. ‘अगं बाई, झोपली का? बघू तरी!’ आणि दिवा. मी आजवर पाहिलंय, झोपलेलं मूल बघायला येणारा माणूस आधी दिवा लावतो. दिवा बंद. परत तीन मिनिटं. आता साड्यांची बॅग न्यायला कुणीतरी. मग अक्षतांच्या पुड्या. चौथ्यांदा दार उघडलं तेव्हा एक लांबचे काका आले आणि म्हणाले, ‘जावईबापू, सर्दीचं औषध अर्धा चमचा पाजा ना, तासाभरात गार.’ प्रेमानेच म्हणाले. पण हे आमच्या डॉक्टरांना मी आधीच विचारून बसलो होतो, मुंबईच्या प्रवासाच्या वेळी. ते खुर्चीतून अर्धे उठले होते. एवढ्या लहान मुलांना झोपेसाठी ते औषध द्यायचंच नाही, धोका असतो, आणि काही मुलं तर त्याने उलट जास्त चेकाळतात. काकांना मी ‘हो हो’ म्हटलं आणि मनूला घेऊन बाहेर पडलो.

स्टेजच्या मागे पत्र्याचं गोदाम होतं. मांडववाल्याच्या गाद्या, गालिचे, खुर्च्यांचे लाल कव्हर. भिंतीपलीकडे जनरेटर चालू. एकसुरी घर्रर्र. आत कूलर लावून मांडववाल्याचा एक पोरगा मोबाईल बघत पडला होता. मी काही बोलायच्या आत त्याने मनूकडे बघितलं, थप्पीतली एक गादी ओढून खाली टाकली आणि म्हणाला, ‘वरती नका ठेवू, पडंल.’ जनरेटरचा धूर रस्त्याकडे जातोय ना, ते मी आधी बाहेर जाऊन पाहून आलो. मग गोधडी अंथरली आणि सुरू केलं.

माझी अंगाई म्हणजे आमच्या कंपनी बसचे थांबे. गाणं मला येत नाही. मनू दोन महिन्यांची असताना एका रात्री काहीच सुचेना म्हणून मी थांबे म्हणायला लागलो आणि तेच राहिलं. पवननगर... उत्तमनगर... त्रिमूर्ती चौक... लेखानगर... राणेनगर... पाथर्डी फाटा... गरवारे. हळूहळू, एका सुरात, प्रत्येक थांब्याला पाठीवर दोन थापा. कंडक्टरला झोप आल्यावर तो जसा म्हणेल तसं. घरी ती दुसऱ्या फेरीला राणेनगरच्या पुढे जात नाही. गोदामात चार फेऱ्या लागल्या. बाहेर ‘तदेव लग्नं’ सुरू झालं, मी लेखानगरवर होतो. ‘सावधान’ म्हटल्याबरोबर ताशा, तुतारी, फटाक्यांची माळ, सगळं एकदम. मनूने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, राणेनगर. तिने मिटले.

जनरेटरने वाचवलं. मुलांना आवाज चालतो, अचानक सुरू होणारा आवाज चालत नाही. एकसारखी घर्रर्र चालू असली की ताशा त्यात बराचसा बुडून जातो. घरी मी आधी मोबाईलवर पावसाच्या आवाजाचं ॲप लावून फोन तिच्या उशाशी ठेवायचो. डॉक्टर म्हणाले, आवाज बारीक ठेवा आणि फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला, लहान कानांना जवळचा आवाज बरा नाही. शेवटी ॲप काढलं, आता टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावतो. तो कुठल्याही पाहुण्यांच्या घरी मिळतो.

त्या दिवशी ती दोन वाजून दहा मिनिटांपर्यंत झोपली. मी सप्तपदी चुकवली. जावयाचा मान म्हणून टोपी, उपरणं, नारळ असतं, तर सासरे शोधत शोधत गोदामात आले. मी ‘श्श’ केलं. त्यांनी चपला बाहेर काढल्या, गुपचूप माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, हातात नारळ दिला आणि कुंकू लावायला वाकले तेव्हा त्यांचा गुडघा कटकन वाजला. आम्ही दोघं श्वास रोखून मनूकडे बघत राहिलो. फोटो नाही त्याचा.

गोधडीबद्दल सांगायला हवं. ती माझ्या आईने तिच्या जुन्या सुती साड्यांची शिवली आहे, मनूपेक्षा दोन महिन्यांनी मोठी. दूध, तेल, घाम, सगळ्याचा एक आंबूस वास तिला आहे आणि मनूसाठी तो वास म्हणजे घर. मागच्या डिसेंबरात पहिल्यांदा सासरी मुक्कामाला निघालो तेव्हा बायकोला लाज वाटली. ‘आई काय म्हणेल, पोरीला असल्या गोधडीत झोपवतात!’ तिने ती धुतली, वर ते वासाचं निळं पाणी घातलं. आम्ही गुलाबाच्या वासाची गोधडी घेऊन निफाडला पोचलो. मनूने नाक लावलं, गोधडी ढकलली आणि दोन दिवस कुणालाच झोपू दिलं नाही. तेव्हापासून निघायच्या आधी चार दिवस गोधडी धुवायची नाही, असा घरात कायदा आहे.

निफाडची थंडी म्हणजे हिवाळ्यात पेपरात पहिल्या पानावर आकडा येतो तीच. सासूबाईंनी मनूला दोन स्वेटर, कुंची, मोजे आणि वर दुलई असं बांधलं. दहा महिन्यांची पोर, रडून लाल. मी मानेखाली हात घातला तर मागून घामाने ओली. हातपाय गार लागतात म्हणून आपण कपडे चढवत जातो, पण बघायचं मानेला आणि छातीला. एक स्वेटर आणि कुंची उतरवली, दुलई बाजूला ठेवली. सासूबाई म्हणाल्या, ‘तुम्ही पाहा बाई, आम्ही आपली चार वाढवली.’ त्यानंतर जेवणात माझ्या ताटात तूप जरा कमी होतं. किंवा मला वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांच्या द्राक्षबागेत घडांची विरळणी चालू होती. सुरगाण्याकडच्या बायका आल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीने बागेच्या अँगलला साडीची झोळी बांधली होती आणि पाच-सहा महिन्यांचं पोर आत गाढ. मी हरखून बघत बसलो. मग शेजारच्या बागेत ट्रॅक्टरचा ब्लोअर सुरू झाला, पोर दचकून उठलं, तिने झोळी सोडली, चार ओळी पलीकडे जाऊन बांधली, झोका दिला, परत कात्री हातात. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. गोड चित्र वगैरे काही नव्हतं, तिची मजुरी त्यात कापली जात होती.

हे बघून सासूबाईंनी ओटीवर मनूसाठी झोळी बांधली. मनू त्या वयात धरून उभी राहायला लागली होती. आम्हाला वाटलं झोपली, आणि बघतो तर ती झोळीत उभी, दोन्ही हातांनी साडी धरून, सर्कससारखी. मी पकडली म्हणून बरं. उभं राहणाऱ्या मुलाला झोळी नाही, एवढं त्या दिवशी आम्ही तिघांनी एकमताने ठरवलं. तुपाचं प्रमाणही पूर्ववत झालं.

प्रवासाचं वेगळं शास्त्र आहे. मेहुण्याच्या गाडीतून निफाडकडे जाताना ती आडगावच्या पुढे झोपते आणि टोलनाक्यावर गाडी थांबली की उठते. वीस मिनिटांची झोप. ती वीस मिनिटं दोन तासांची झोप खाऊन टाकतात, पोचल्यावर मग काही केल्या झोपत नाही. म्हणून आता एक तर तिच्या वेळेला निघायचं आणि ती उठेपर्यंत रस्ता पुरवायचा, नाही तर मागे बसून काहीही करून जागं ठेवायचं. काहीही म्हणजे मी एकदा सगळा रस्ता कावळा झालो होतो. सीटवर झोपली असेल तर पोचल्यावर ‘राहू दे, उठेल’ असं म्हणून तिथेच ठेवत नाही. लहान मुलांची मान छातीवर पडते, श्वासाला अडचण होते. उठली तर उठली, उचलून सपाट गादीवर ठेवायची.

दुचाकीवर मात्र नाहीच. आमच्या त्रिमूर्ती चौकात रोज दिसतं, पुढे उभं केलेलं पोर हँडलवर डोकं टेकून पेंगतंय. माझ्या पोटात गोळा येतो. २०२२ साली केंद्राने नियमही केला, चार वर्षांखालच्या मुलाला गाडी चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा, नऊ महिन्यांपुढे हेल्मेट, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. तो पट्टा मी अजून आमच्या चौकात एकदाही पाहिलेला नाही.

रेल्वेचं एकच सांगतो. जानेवारीत मुंबईहून सकाळच्या तपोवनने येत होतो. मनू तेव्हा दिवसातून दोनदा झोपायची, सकाळची झोप बरोबर कसाऱ्याच्या आधी लागली. मी खूश. विसरलो की घाट चढायला बहुतेक गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिन लागतं. गाडी थांबली, पंखे-चाकांचा आवाज बंद, वडापाववाले चढले, आणि मागून धाडकन धक्का. इगतपुरीपर्यंतचे सगळे बोगदे तिने जागेपणी पाहिले. प्रत्येक बोगद्यात समोरच्या आजी म्हणायच्या, ‘अंधार झाला, गाई गाई कर हं.’ तिने नाही केलं. आजींनी केलं.

आता मनू बावीस महिन्यांची आहे. येत्या रविवारी सिन्नरला चुलत मेहुणीचं लग्न आहे, मुहूर्त १२ वाजून २१ मिनिटांचा. सासऱ्यांचा परवा फोन आला. म्हणाले, लॉन पाहून आलोय, गोदाम स्टेजच्या डाव्या हाताला आहे, पण इथे जनरेटर लांब ठेवतात, तुम्हाला चालेल का? मी विचारलं, कूलर आहे का? ते म्हणाले, आहे, पण आवाज फार करतो.

म्हटलं, तोच सांगून ठेवा.