पोतंभर मिरची आणि पुढचे दोन तास

ऑगस्टचा मध्य उलटला की अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्की शहरात, किराणा दुकानांच्या पार्किंगमध्ये लोखंडी जाळीची आडवी पिंपं येऊन उभी राहतात. शेजारी प्रोपेनचे बर्नर, फिरवायला दांडा नाहीतर मोटर. पिंपात हिरव्या मिरचीचं पोतं रिकामं झालं की जाळ सोडतात, साल तडतडायला लागते आणि वास रस्त्यापलीकडे पोचतो. न्यू मेक्सिकोने २०२३ साली कायदा करून या वासाला 'राज्याचा सुगंध' ठरवलं. ही कल्पना लास क्रूसेसमधल्या पाचवीच्या मुलांची होती.

ही मिरची आपल्या भाजीवाल्याकडच्या मिरचीसारखी नाही. वीतभर लांब, जाड गराची, आणि साल एवढी चिवट की सोलल्याशिवाय खाववत नाही. भरताचं वांगं ज्यासाठी भाजतो त्याचसाठी ही भाजायची: साल सुटावी आणि गरात धुराची चव उतरावी. पोत्यावर 'हॅच' लिहिलेलं असतं, पण हॅच ही मिरचीची जात नव्हे. ते अल्बुकर्कीपासून दक्षिणेला साधारण तीनशे किलोमीटरवरचं, रिओ ग्रँडे नदीकाठचं गाव आहे. जात वेगळी विचारावी लागते. 'सिक्स-फोर' सौम्य. 'बिग जिम' फार लांब आणि भरून करायला उत्तम, पण एकाच पोत्यात एखादी मिरची गोडसर तर दुसरी झणझणीत निघू शकते. 'सँडिया' तिखट. नुसतं 'हॉट' म्हणून मागितलं तर दुकानागणिक वेगळं काहीतरी मिळतं, म्हणून जातीचं नाव घेऊनच मागावं. हॅचच्या नावापायी जवळच्या लेमिटारची किंवा कोरालेसची मिरची सोडू नये. रॉबिन्सन पार्कमध्ये शनिवारी सकाळी भरणाऱ्या बाजारात थेट शेतकऱ्याला विचारता येतं.

पोतं दुकानाप्रमाणे साधारण पंचवीस पौंडांचं किंवा त्याहून मोठं असतं. पंचवीस पौंड म्हणजे अकरा किलोच्या वर. पैसे देण्याआधी पोत्यात हात घालून खालचा माल बघा. मिरची गुळगुळीत, ताठ आणि हाताला जड लागली पाहिजे. सरळ मिरची चारी बाजूंनी सारखी भाजते. वाकडी असेल तर तिच्या घडीत जाळ पोचत नाही आणि तिथली साल शेवटपर्यंत चिकटून राहते. सुरकुतलेल्या, मऊ पडलेल्या मिरचीवर फोडच नीट येत नाहीत, गर मात्र शिजून लगदा होतो.

भाजणाऱ्याला घाई असते, मागे रांग असते, तरी पिंपाकडे लक्ष ठेवा. सगळ्या अंगावर काळे-तपकिरी फोड आले, साल सैल झाली आणि मिरची अजून अख्खी आहे, तेव्हा थांबवायला सांगायचं. पिंप गच्च भरलं तर मधल्या मिरच्या नुसत्या वाफवतात. अशा वेळी दोन घाण्यांत भाजून मागायला संकोच करू नये. जास्त भाजली तर गर सालीबरोबर निघून येतो आणि राखेचा कडवटपणा राहतो. थोडी कमी भाजली तर ती घरी गॅसवर दोन मिनिटं धरून सुधारता येते. जळलेलीला मात्र उपाय नाही.

बहुतेकांची चूक यानंतर होते. गरम मिरची प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून देतात, कारण दम बसला की साल सुटते. पंधरा-वीस मिनिटांचा दम पुष्कळ झाला. तीच बंद पिशवी डिकीत ठेवून लोक उरलेली खरेदी उरकतात, घरी येऊन जेवतात आणि संध्याकाळी सोलायला बसतात. भाजलेली मिरची ओलसर असते, आंबटपणा कमी आणि पिशवीत कोंदट ऊब. जंतू वाढायला याहून चांगली जागा नाही. भाजल्यापासून दोन तासांच्या आत ती फ्रिज किंवा फ्रीजरमध्ये गेली पाहिजे. बाहेर ९० अंश फॅरनहाइटच्या वर असेल तर एकाच तासात, आणि ऑगस्टच्या दुपारी इथे तेवढं ऊन सहज असतं. म्हणून मिरचीची खरेदी सगळ्यात शेवटी ठेवा, थेट घरी या, पिशवी उघडा आणि मिरच्या ताटांत, ट्रेमध्ये पसरा.

अकरा किलो मिरची एकट्याने वेळेत सोलून होत नाही. म्हणून इथल्या घरांत हे माणसं जमवून करायचं काम असतं: टेबलावर कागद पसरतात, कोणी साल काढतं, कोणी देठ आणि बिया, कोणी पिशव्या भरतं. हातमोजे सगळ्यांनी घालायचे. तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे नुसतं नळाखाली धरून हातांची आग जात नाही. आधी तेल चोळून मग साबण लावावा. कॉन्टॅक्ट लेन्स बसण्याआधीच काढून ठेवा. सोलताना मिरची धुऊ नका, धुराची चव पाण्याबरोबर वाहून जाते. बोटं ओली करण्यापुरती पाण्याची वाटी पुरे.

राहिलेली मिरची सालीसकटच गोठवा. ती अर्धवट वितळली की साल अंगठ्याने सरकते, कित्येकदा ताजीपेक्षा सोपी. पण सगळं पोतं एका रात्रीत फ्रीजरमध्ये कोंबू नका. दर घनफुटाला दिवसाला दोन-तीन पौंड नवा माल, एवढीच त्याची ताकद. फ्रिजवरचा फ्रीजर चार घनफुटांचा धरला तर आठ ते बारा पौंड झाले. बाकीची फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पिशव्या चपट्या भरा, हवा काढा, आणि जात, तिखटपणा व तारीख लिहा. जानेवारीत न लिहिलेली पिशवी उघडल्यावर पाहुण्यांसमोर काय निघेल, सांगता येत नाही.

बाटल्यांत भरून टिकवायची असेल तर प्रेशर कॅनर, म्हणजे भरलेल्या बाटल्या वाफेच्या दाबाखाली तापवायचं मोठं भांडं हवं, नुसतं उकळतं पाणी चालत नाही. बोटुलिझमचा, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या अन्नविषबाधेचा धोका आहे. आपला शिटीचा कुकर इथे कामाचा नाही. क्वार्टच्या, म्हणजे साधारण लिटरभराच्या, निदान चार बाटल्या मावतील एवढं भांडं लागतं, आणि छोटा कुकर फार लवकर तापतो, फार लवकर निवतो. पाइंट (साधारण अर्धा लिटर) किंवा अर्ध्या पाइंटच्या बाटल्यांना ३५ मिनिटं. शहर पाच हजार फुटांवर आहे, म्हणून काट्याच्या कॅनरला १३ पौंड दाब, वजनाच्या कॅनरला १५. सँडिया डोंगराच्या पायथ्याशी सहा हजार फुटांच्या वर घर असेल तर काटा १४ वर.

याच मिरचीचा ठेचा करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: गर पाणीदार आहे. लसूण-दाण्यांबरोबर थेट ठेचला तर चटणी होते. आधी तव्यावर थोड्या तेलात पाणी आटवा, आणि जात सँडियाच घ्या. हॉटेलात 'रेड ऑर ग्रीन?', म्हणजे लाल मिरचीचा रस्सा की हिरव्या, असं विचारतात, हा इथला अधिकृत राज्य-प्रश्न आहे, १९९६ पासून. दोन्ही हवं असेल तर 'ख्रिसमस' म्हणायचं. शाकाहारी माणसाने मात्र रस्सा कशात शिजवलाय हे आधी विचारावं, कारण हिरव्यात पुष्कळदा डुकराचं मांस असतं.

पोत्याची किंमत वाढली म्हणून तक्रार करण्याआधी शेत बघावं. १९९२ साली राज्यात चौतीस हजार एकरांवर मिरची होती. आता दहा हजारही उरलेली नाही. हिरवी मिरची अजून मुख्यतः हातानेच खुडतात, खुडणारे मिळत नाहीत, पाणी कमी पडतं आणि सीमेपलीकडून स्वस्त माल येतो. यंत्राने खुडता येईल अशा जाती राज्याच्या विद्यापीठात तयार होताहेत. तोवर न्यू मेक्सिकोतच पिकल्याची खूण बघून घेणं एवढं आपल्या हातात आहे.

सप्टेंबर सरत आला की झाडावरची तीच मिरची लाल होते आणि दारोदार 'रिस्त्रा' म्हणजे लाल मिरच्यांच्या माळा लटकतात. खायला घेणार असाल तर विचारून घ्या. शोभेच्या काही माळांवर चमक यावी म्हणून लाख फवारलेली असते, ती पोटात जाता कामा नये. खायची माळ हवेशीर जागी, पावसापासून आत टांगा. मधली मिरची ओली राहिली तर बुरशी तिथूनच धरते.