ऋणमोचनचा घाट

पौषातल्या रविवारी ऋणमोचनच्या गाडीत बसायला जागा मिळत नाही, हे अमरावतीतच कळले होते. त्यामुळे उभ्यानेच प्रवास करून मी पूर्णेच्या काठी उतरलो. गाडगेबाबांनी बांधलेला घाट पाहायला आलो आहे, असे शेजारच्या आजींना सांगितले, तेव्हा त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले आणि विचारले, "घाट पाहाले आले, अन् आंघोय नाही करत?"

यात्रा मुद्गलेश्वराची. घाट सोडून कडेने थोडा खाली उतरलो, तोच चप्पल गाळात रुतली आणि ती ओढून काढताना मी हातांवर आपटलो. वऱ्हाडातली ही काळी, चिकण माती ओली झाली की पाय धरूही देत नाही आणि सोडतही नाही. पायऱ्या नव्हत्या तेव्हा डोक्यावर गाठोडे आणि कडेवर मूल घेऊन उतरणाऱ्या बायकांचे इथे काय होत असेल, हे त्या एका आपटण्याने मला कळले.

शेंडगावच्या परीट घराण्यातले डेबूजी जानोरकर, म्हणजेच गाडगेबाबा, लहानपणापासून दापुरे येथे मामांच्या शेतात राबलेले होते, त्यामुळे मातीची जात त्यांना कुणी शिकवावी लागली नाही. १९०५ साली घर सोडल्यावर ते या यात्रेला येत, काठावरची दरड फोडून यात्रेकरूंसाठी स्वतः पायवाट करीत, आणि पुढे लोकांकडून वर्गणी जमवून त्यांनी इथे पक्का घाट बांधला. गाडगेबाबा म्हटले की आपल्याला खराटा आणि कीर्तन आठवते. मला मात्र त्यांच्यातला हा बांधकाम करणारा माणूस अधिक मोठा वाटतो. ज्या पंढरपुरात दलित वारकऱ्याला निवारा मिळणे दुरापास्त होते, तिथे त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभी केली आणि १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. एवढी बांधकामे करणाऱ्या या माणसाच्या अंगावर मात्र चिंध्यांची गोधडी होती आणि हातात जेवायला व पाणी प्यायला तेच एक फुटके गाडगे.

घाटावर तासभर बसलो. ओल्या लुगड्यातल्या दोन बायका एकमेकींचा हात न धरता पायऱ्या चढून वर आल्या आणि गोवऱ्यांवर रोडगे भाजत बसलेल्या आपल्या माणसांकडे निघून गेल्या.

परतताना वलगावजवळ पेढी नदीचा पूल लागला. २० डिसेंबर १९५६ रोजी आजारी बाबांना अमरावतीला नेत असताना इथेच, वाटेत, त्यांचा प्राण गेला. गाडी न थांबता पुढे गेली. माझ्या चपलेचा चिखल एव्हाना वाळून पायांखाली सांडला होता. अमरावती येण्यापूर्वी मी तो वर्तमानपत्राच्या कागदावर गोळा केला.