लंबक डुगडुगतोय? आधी पत्ती बघा

जुन्या टोल्याच्या घड्याळाचा लंबक भिंतीला समांतर, एकाच रेषेत झुलला पाहिजे. तो गिरक्या घेत असेल, मागे-पुढे डुलत असेल किंवा खालून पाहताना आठचा आकडा काढत असेल, तर यंत्राचा जोर त्या फुकटच्या हालचालीत मुरतो आणि पूर्ण चावी दिलेली असूनही घड्याळ थांबतं. अशा वेळी यंत्रात तेल ओतू नका, ते खोलूही नका. बहुतेकदा दोष लंबक ज्यावर टांगलेला असतो त्या पातळ पोलादी पत्तीत निघतो.

पत्तीकडे वळण्याआधी पेटी हलते का ते पाहा. वाड्याच्या मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीत खिळा सैल होतो आणि लंबकासोबत पेटीही नकळत झुलू लागते. भिंतीत लाकडी गुट्टी ठोकून जाड स्क्रू बसवा. पेटी ओळंब्यात आहे ना, तेही बघा.

आता खरी परीक्षा. अँकरकडून (दातेरी चाकाचा एकेक दात अडवून सोडणाऱ्या भागाकडून) खाली येऊन लंबकाच्या काडीला ढकलणारी तार म्हणजे क्रच. काडी क्रचमधून सोडवा आणि लंबक नुसता पत्तीवर झुलू द्या. एका बोटाने बाजूला धरा आणि धक्का न देता सोडा. तरीही डुगडुगला तर दोष पत्तीत किंवा टांगणीत. सरळ झुलला तर क्रचमध्ये. (लंबकाविना क्रच सुसाट धावतो, म्हणून तो दोऱ्याने बांधून ठेवा.)

पत्ती उजेडासमोर धरा. मुरड, पीळ, टोकाच्या पितळी तुकड्यालगतची बारीक चीर, गंजाचा ठिपका, यातलं काहीही दिसलं तर ती बदलायचीच. कोकणातल्या दमट हवेत गंज फार लवकर धरतो. मुरडलेली पत्ती चिमट्याने सरळ करता येते, पण पोलाद तिथे कमकुवत झालेलं असतं आणि लंबक पुन्हा वाकडा जातो. त्यासाठी वेळ घालवू नये. जुन्या बाजारातल्या मोडीत निघालेल्या यंत्राची पत्तीही नको.

नवी घेताना लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही जुळवा. जाडी साधारण 0.1 मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे मायक्रोमीटरशिवाय अंदाज बांधू नका. जास्त जाड पत्तीने घड्याळ पुढे जातं किंवा जोर अपुरा पडून थांबतं. फार पातळ पत्ती लंबकाला पिळू देते.

अमेरिकन ॲन्सोनिया आणि त्या धर्तीवरच्या अनेक जपानी घड्याळांत पत्तीचं वरचं टोक चिरलेल्या खांबात दाबलेलं असतं. ही चीर सैल असेल तर पक्कडीने दोन्ही बाजूंनी अगदी हलकी दाबा. पत्तीची रुंदी बरोबर पुढून मागे जायला हवी. चीर किंचित तिरकी असली तरी लंबक गिरकी घेतो. लंबकाची तबकडी (खालचं गोल वजन) काडीच्या आकड्यावर, म्हणजे हुकावर, मोकळी टांगलेली असावी. आकडा आवळून टाकला की तीही तिरकी राहते.

क्रचचा दोष असेल तर काडी क्रचच्या फटीच्या मधोमध आहे का पाहा. ती पुढच्या किंवा मागच्या टोकाला टेकता कामा नये. दोन बाजूंना मिळून साध्या कागदाच्या एका-दोन पानांइतकी मोकळीक पुरे. घट्ट फटीत काडी अडकते आणि प्रत्येक ठोक्याला पिळली जाते, सैल फटीत जोर वाया जातो. फटीच्या आतल्या बाजू बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा आणि काडी टेकते तिथे घड्याळाच्या तेलाचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब द्या. खोबरेल चालणार नाही, ते घट्ट होऊन धूळ धरतं. पत्तीला मात्र तेल लावायचं नाही.

शेवटी ठोका ऐका. टिक आणि टॉक यांमधलं अंतर समान नसेल तर क्रच वरच्या बाजूला एका हाताने धरून किंचित वाकवा, पुन्हा ऐका. नवीन पत्तीने लांबी थोडी बदलते, म्हणून वेळही जुळवावी लागेल: सुमारे 25 सेंटिमीटर लंबकात 1 मिलिमीटरचा फरक दिवसाला जवळपास 3 मिनिटांचा होतो. तबकडीखालची, तिला वर-खाली करणारी चक्री एका वेळी अर्धाच फेरा फिरवा आणि पुढचा बदल 24 तासांनंतर करा.