टोमॅटो आणि वीस अंश

सुरी बोथट झाली की आधी कळतं टोमॅटोला. साल चिरायच्या ऐवजी दबते आणि रस ओट्यावर सांडतो. वांगी, भेंडी, अंबाडीचे देठ हे सगळं मुकाट्यानं सोसतात.

परभणीत आमच्या गल्लीत सायकलवर चाक बसवलेला धारवाला येतो. ठिणग्या उडतात, पोरं जमतात, धारही लागते. पण त्या कोरड्या चाकावर कड जास्त तापली की पोलादाचं पाणी उतरतं, मग धार टिकत नाही, आणि पातंही दरवेळी थोडं झिजतं. म्हणून घरीच लावायचं ठरवलं.

फटीतून सुरी ओढायचं स्वस्त यंत्र मिळतं. ते धार लावण्यापेक्षा धातू ओरबाडतं जास्त, त्याच्या नादी लागू नये. मी घेतला तो दगडाचा पात्याशी कोन धरून देणारा साचा. क्लॅम्पमध्ये पात्याची पाठ आवळायची, दगड दांड्याला बसवायचा, आणि दांडा एका बॉल जॉइंटमधून पुढेमागे करायचा. वाळूजच्या कारखान्यात काम करणारा भाचा म्हणाला, "मामा, किती अंश लिहिलंय ते बघू नका. क्लॅम्प हलवून बघा." लाखमोलाचं बोलला. पातं डुलत असेल तर पट्टीवरचा आकडा फक्त शोभेचा. शिवाय दगड बदलला की त्याची जाडी बदलते आणि कोन नकळत सरकतो, म्हणून प्रत्येक दगडाला तो नव्याने जुळवावा लागतो.

आपल्याकडच्या रोजच्या सुरीला एका बाजूने 20 अंश पुरे. पातळ, कडक पोलादाच्या जपानी सुरीला 15 चालतात. पण आपल्या घरात एकच सुरी नारळ फोडायलाही जाते, म्हणून 20 च बरे.

खरी मजा मार्करची. धारेच्या उतारावर काळी शाई लावायची आणि 400 नंबरचा, म्हणजे जाडसर कणांचा दगड हलकेच दोनदा फिरवायचा. शाई फक्त वरच्या, पाठीकडच्या भागातून गेली तर कोन कमी पडतोय. फक्त अगदी कडेवरून गेली तर जास्त झालाय. सगळी शाई एकसारखी गेली की नेम बसला. मग एकाच बाजूने घासत राहायचं, जोवर पलीकडच्या बाजूला बारीकशी बर, म्हणजे धातूची दुमडलेली कड, उठत नाही. ती डोळ्यांना दिसत नाही. बोट पात्यावरून कडेच्या दिशेने बाहेर सरकवलं की अडखळते. बोट धारेच्या लांबीने मात्र फिरवायचं नाही. बर टोकापासून मुठीपर्यंत आली की बाजू बदलायची. पुढे 1000 चा बारीक दगड, तोही जोर न लावता, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर दोन-चार हात. टोकाकडे पातं वळतं तिथे साच्याचाही कोन जरा चळतो. लांब सुरी क्लॅम्पमध्ये सरकवून घ्यावी.

टोमॅटोची कागदासारखी चकती निघाली. ती आईला दाखवली.

"चाकूचं ऱ्हाऊ दे. इळीला लावून दाव की मंग."

विळीचं पातं वाकडं, पाठ जाड, वर पाटात ठोकलेलं. साचा तिच्यापुढे निकामी. आईनं लोणच्याची रिकामी बरणी पालथी घातली, तिच्या बुडाच्या खरबरीत, बिनचकाकीच्या कडेवर पाणी शिंपडलं आणि बरणीच पात्यावरून फिरवायला लागली. भाजलेली चिनीमाती पोलादापेक्षा कठीण असते, त्यामुळे हे चालतं. तिच्या हाताचा कोन किती भरतो ते बघावं म्हणून मी मार्कर घेऊन पुढे सरकलो.

"काय करायलास? शाई लावतोस व्हय इळीला? शेपू चिरायचाय मला त्याच्यावर."