त्रेचाळीसचे एकोणचाळीस

मार्चमधल्या एका मंगळवारी रात्री घड्याळ चार्जिंगला लावताना अपडेटची सूचना दिसली. नेहमीप्रमाणे न वाचताच तिला होकार दिला आणि झोपलो. रविवारपर्यंत नेहमीच्याच रस्त्यावर, नेहमीच्याच वेगाने तीनदा धावून झाले होते आणि घड्याळातला व्हीओटू मॅक्सचा, म्हणजे माझा दम किती ते सांगणारा, आकडा ४३ वरून ३९ वर आला होता. फोनवरच्या आलेखात सव्वा वर्ष जवळजवळ सपाट चाललेली रेघ कडा कोसळावा तशी खाली आली होती, पट्टीचा रंग हिरव्याचा पिवळा झाला होता आणि खाली वाक्य होते की तुमचा कार्डिओ फिटनेस गेल्या महिन्यापेक्षा घटला आहे. ते वाक्य सौभाग्यवतींच्या दृष्टीस पडले. "अहो, एकदा डॉक्टरांना दाखवून तरी या, उगाच अंगावर काढू नका," असे दोन दिवसांत चार वेळा ऐकल्यावर मी जाऊन दाखवून आलो. डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्तदाब पाहिला, जिना चढताना दम लागतो का, छातीत जड वाटते का, हे विचारले आणि दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असे मिळाल्यावर मला घरी पाठवले.

माझे वय ५४. गेली २९ वर्षे मी चिंचवडच्या एका कारखान्याच्या स्टँडर्ड रूममध्ये काम करतो, म्हणजे इतरांची मापनयंत्रे बरोबर मोजतात की नाही हे तपासण्याचे काम. आमच्या खोलीचे तापमान बारा महिने २० अंशांवर ठेवलेले असते, कारण लांबीच्या मापनासाठी तेच प्रमाण तापमान मानलेले आहे. शॉपमधून एखादा मायक्रोमीटर दुरुस्तीला आला, तर त्याला हात लावण्याआधी तो स्लिप गेजवर, म्हणजे अचूक लांबीच्या प्रमाण ठोकळ्यावर, धरून जे वाचन येते ते लिहून ठेवायचे, त्याला आम्ही ‘ॲज फाउंड’ म्हणतो. मग दुरुस्ती, आणि दुरुस्तीनंतर त्याच स्लिप गेजवर पुन्हा वाचन, ते ‘ॲज लेफ्ट’. नव्या मुलांना पहिले वाचन निरुपयोगी वाटते, कारण यंत्र बिघडलेले आहे हे ठाऊकच असते. परंतु गेल्या महिन्यात त्याच मायक्रोमीटरने मोजलेले जॉब, म्हणजे तयार भाग, केव्हाच ग्राहकाकडे रवाना झालेले असतात, आणि ते किती चुकले असतील हे सांगणारा एकमेव आकडा म्हणजे ते पहिले वाचन. ज्या रजिस्टरमध्ये नुसते ‘ॲज लेफ्ट’ सापडते, त्यावर ऑडिटर बोट ठेवणारच. माझ्या घड्याळाची त्या मंगळवारी रात्री दुरुस्ती झाली होती आणि रजिस्टरमध्ये दोहोंपैकी काहीच नव्हते.

मुळात हा आकडा कशाचा? जीव तोडून धावताना शरीर एका मिनिटात, वजनाच्या दर किलोमागे, जास्तीत जास्त किती मिलिलिटर प्राणवायू वापरू शकते, त्याचा. ए. व्ही. हिल या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला मँचेस्टरला असताना पाठीवर हवेची पिशवी बांधून, गवतावरच्या छोट्या गोल वाटेवर स्वतः धावून तो मोजला होता. उच्छ्वासाची हवा त्या पिशवीत गोळा करायची आणि मग तिच्यात किती प्राणवायू उरला ते तपासायचे. आजही प्रयोगशाळेत ट्रेडमिल आणि तोंडावरचा मुखवटा वापरून मूलतः हेच करतात. मनगटावरचे घड्याळ मात्र प्राणवायू मोजतच नाही. त्याला कळतात त्या दोन गोष्टी: उपग्रहांच्या मदतीने तुमचा वेग आणि हिरव्या दिव्याच्या उजेडात त्वचेखालच्या रक्ताच्या चढउतारावरून तुमचे ठोके. बाकीचा सगळा हिशेब.

कंपन्या आपापली सूत्रे उघड करत नाहीत, पण हिशेबाचा गाभा पाठ्यपुस्तकातला आहे आणि तो कागदावर करून पाहता येतो. मी ताशी ९ किलोमीटरने, म्हणजे मिनिटाला १५० मीटरने, सपाट रस्त्यावर धावतो. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या प्रचलित सूत्राप्रमाणे या वेगाला लागणारा प्राणवायू १५० गुणिले ०.२ अधिक ३.५, म्हणजे ३३.५. यातले ३.५ हे स्वस्थ बसल्यावरही लागतात, म्हणून धावण्याचे निव्वळ ३०. त्या वेगाला माझे ठोके १५० असतात आणि विश्रांतीत ५८, म्हणजे विश्रांतीपासून ९२ ठोके वर. आता माझे कमाल ठोके १७८ धरले, तर माझ्याकडे एकूण १२० ठोक्यांची वाव आहे आणि तिच्यातले ९२ खर्चून मी निव्वळ ३० मिळवतो. १२० खर्चल्यावर ३९.१ मिळतील, त्यात विश्रांतीचे ३.५ मिळवले की ४२.६. घड्याळ इतके दिवस ४३ दाखवत होते, ते बहुधा याच वाटेने.

तो १७८ हा आकडा मी स्वतः गेल्या वर्षी सेटिंगमध्ये घातला होता. निगडीच्या दुर्गा टेकडीच्या चढावर, छातीला पट्टा बांधून, शेवटच्या दोनशे मीटरला डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत पळून तो मिळवलेला होता. डॉक्टरांकडून आल्यावर संध्याकाळी मी घड्याळाच्या मेनूमधून एकेक पान उघडत गेलो. वजन बरोबर, उंची बरोबर, जन्मतारीख बरोबर. कमाल ठोक्यांच्या पानावर १६६. ‘आपोआप’ असे त्याच्यापुढे लिहिलेले. दोनशे वीसमधून वय वजा करा हा सर्वांना तोंडपाठ असलेला नियम. २२० वजा ५४ बरोबर १६६. अपडेटने माझा आकडा पुसून तिथे हा वयाचा ठोकताळा आणून ठेवला होता. तो वरच्या हिशेबात घालून पाहा: वाव १२० ऐवजी १०८ होते, ३० भागिले ९२ गुणिले १०८ म्हणजे ३५.२, त्यात ३.५ मिळवले की ३८.७. म्हणजेच एकोणचाळीस. माझे हृदय, फुप्फुसे आणि पाय मंगळवारी होते तसेच रविवारी होते, आणि कागदावरच्या एका रकान्यातल्या बारा ठोक्यांनी माझी चार एकके नेली होती.

सेटिंग पूर्ववत केल्यावर पाच-सहा धावांत आकडा ४२ वर आला आणि तिथेच थांबला. उरलेल्या एका एककाचा मी बराच माग काढला. मार्च संपता संपता आमच्याकडे सकाळी सहालाही हवेत ऊब जाणवू लागते, त्वचेकडे जास्त रक्त पाठवावे लागल्याने त्याच वेगाला ठोके तीन-चारने चढतात, आणि घड्याळाला ते दम कमी झाल्यासारखे दिसते. दुसरीकडे अपडेटमध्ये काय काय बदलू शकते याची यादीही लहान नाही: ठोक्यांमधला गोंधळ गाळण्याची रीत, उपग्रहांवरून अंतर काढण्याची रीत, कोणती धाव हिशेबात धरायची आणि कोणती सोडून द्यायची याचे निकष, जुन्या वाचनांना किती वजन द्यायचे ते. उन्हाळा आणि अपडेट एकाच पंधरवड्यात आल्यावर त्या एका एककाची वाटणी कोणालाच करता येणार नाही. मंगळवारच्या आधीचे ‘ॲज फाउंड’ असते, तर करता आली असती.

माझ्या सुदैवाने एक जुनी फूटपट्टी घरात होती. केनेथ कूपर या अमेरिकी हवाई दलातल्या डॉक्टरने १९६८ साली बारा मिनिटांच्या धावण्याची चाचणी प्रसिद्ध केली. बारा मिनिटांत जेवढे मीटर धावलात त्यातून ५०४.९ वजा करा आणि ४४.७३ ने भागा. मी ती दर जानेवारीत ४०० मीटरच्या मातीच्या ट्रॅकवर करतो. यंदा जानेवारीत २,२६० मीटर झाले होते, म्हणजे ३९.२. अपडेटनंतरच्या दुसऱ्या रविवारी त्याच ट्रॅकवर, त्याच बुटांत, तसाच सकाळी सहाला पुन्हा धावलो: २,२४० मीटर, ३८.८. वीस मीटरचा फरक म्हणजे शेवटच्या फेरीत वाटेत आलेल्या कुत्र्याला दिलेली वाट. माझ्यात घट झालेली नव्हती, हे यावरून ठरले.

पण इथे एक गंमत आहे, आणि ती लपवणे आमच्या धंद्याला शोभणारे नाही. कूपरचे ३९ आणि बिघडलेल्या सेटिंगचे ३९ यांचा मेळ बसतो! कारखान्यात असे झाले तर आम्ही हुरळून जात नाही. दोन चुका एकमेकींना खाऊन बरोबर उत्तर देतात तेव्हाच जास्त सावध होतो. कूपरचे सूत्र ११५ तरुण-प्रौढ पुरुषांच्या, तेही हवाई दलातल्या, चाचण्यांवरून बांधलेले आहे आणि वेग नीट न राखता आल्यास ते माणसाला कमी लेखते. त्यामुळे माझा खरा आकडा ३९ की ४३ यावर मी पैज लावणार नाही. मात्र त्या सूत्राला साडेपाच दशकांत एकही अपडेट आलेले नाही, आणि म्हणूनच दोन वाचनांमधला फरक पाहायला ते मला घड्याळापेक्षा अधिक भरवशाचे वाटते.

घड्याळांच्या बाजूने बोलायचे तर समूहाच्या सरासरीत ती वाईट नाहीत. मनगटी यंत्रांच्या या अंदाजांवर झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२२ साली प्रसिद्ध झाला. व्यायामादरम्यान काढलेल्या अंदाजांची सरासरी चूक त्यात शून्याच्या आसपास निघाली, परंतु एकेका माणसाचा आकडा खऱ्यापासून दोन्ही बाजूंना सुमारे १० एककांपर्यंत सरकलेला असू शकतो, असेही दिसले. ज्याला आपल्या एकट्याच्या तब्येतीची काळजी आहे, त्याने यातली दुसरी गोष्ट लक्षात ठेवावी. घड्याळांसाठी असे हिशेब तयार करणारी फर्स्टबीट ही फिनलंडमधली कंपनी, जिचा हा विभाग २०२० साली घड्याळे बनवणाऱ्या गार्मिनने विकत घेतला, तिच्या स्वतःच्या प्रसिद्ध केलेल्या माहितीतही कमाल ठोक्यांचा अंदाज चुकला की निकालातली चूक वाढते हे स्पष्ट लिहिलेले आहे.

नाशिकला माझे थोरले बंधू आहेत, त्यांचे उदाहरण याच्या नेमके उलट. दादा ६१ वर्षांचा, रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेतो, रोज संध्याकाळी झपझप चार किलोमीटर चालतो. त्या गोळीचे कामच ठोके आवरून धरण्याचे असल्यामुळे इतरांचे जिथे ११५ होतील तिथे त्याचे ९६ होतात, आणि घड्याळाला वाटते, एवढ्या कमी ठोक्यांत एवढा वेग, म्हणजे गडी पस्तिशीतला दिसतो. माझे ३९ झाले त्या आठवड्यात त्याचा फोन आला, "बघ, तुझ्यापेक्षा दोनने पुढे आहे मी." ॲपलच्या हेल्थ ॲपमध्ये ठोक्यांवर परिणाम करणाऱ्या औषधांची नोंद करण्याची सोय आहे, दादाच्या घड्याळात तशी जागा आम्हांला काही सापडली नाही. त्याला हे सगळे समजावून सांगितले, तेव्हा वहिनी मागून म्हणाल्या, "राहू द्या हो भाऊजी, तेवढ्यासाठी तरी रोज चालायला जातात."

कंपनीच्या ग्राहकसेवेला मी सविस्तर पत्र लिहिले होते. उत्तर आले की घड्याळ बंद करून पुन्हा सुरू करा. माझी मागणी तशी फार मोठी नाही. हिशेबाची रीत सुधारायला कोणाची हरकत असणार? आलेखावर त्या तारखेला एक उभी रेघ मारावी आणि ‘येथून नवी रीत’ असे लिहावे. जमल्यास पहिले काही आठवडे जुन्या आणि नव्या रीतीचे आकडे शेजारीशेजारी दाखवावेत. आणि वापरणाऱ्याने हाताने भरलेला आकडा बदलायचा झाल्यास त्याला आधी विचारावे. वेगवेगळ्या दोन यंत्रांची वाचने एकाच रेघेने जोडून, वर ‘घटला आहे’ असे क्रियापद लावणे, ही तांत्रिक चूक नव्हे, ही नोंदीतली लबाडी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोवर मी ऑफिसच्या सवयीने एक दोनशे पानी वही केली आहे. रकाने सहा: तारीख, सॉफ्टवेअरचा आवृत्ती क्रमांक, कमाल ठोक्यांचे सेटिंग, सकाळचे तापमान, घड्याळाचा आकडा, बारा मिनिटांचे मीटर. मार्चच्या पानावर लाल पेनाने आडवी रेघ आहे. परवा रात्री घड्याळावर पुन्हा अपडेटची सूचना आली, तिला ‘नंतर’ म्हटले आहे. रविवारी सकाळी ट्रॅकवर साडेपाच फेऱ्या होतील, वाचन वहीत चढेल, आणि मग घड्याळ चार्जिंगला लावीन.