स्थळ चांगलं होतं

३१ ऑगस्ट, रात्री

आज दिवसभर फोनवर डायनाच डायना, ब्रिटनची राजकुमारी, १९९७ मध्ये याच तारखेला पॅरिसच्या बोगद्यात गाडीच्या अपघातात गेलेली. दर वर्षी या तारखेला हेच होतं. तोच ताजमहालासमोरच्या बाकावरचा फोटो, तोच पॅरिसचा बोगदा आणि खाली लोकांची जुंपलेली: बिचारी होती की नाटकी होती. मला दोन्ही पक्षांचा कंटाळा आलाय. माझं मन अडकतं ते तिच्या आणि चार्ल्सच्या लग्नाच्या आधीच्या सहा महिन्यांत. राजवाडा, बग्गी, सगळं बाजूला ठेवलं तर ते साधं ठरवून केलेलं लग्न होतं, आणि घाईत उरकलेलं.

मुलगा बत्तीस वर्षांचा, गादीचा वारस, घरचे मागे लागलेले. मुलगी स्पेन्सर घराण्यातली, वडील अर्ल म्हणजे उमराव, आईची आई राजमातेच्या, म्हणजे राणीच्या आईच्या खास गोटातली. वय एकोणीस, मागे कुठलं प्रकरण नाही. शिक्षण बेताचं, शाळेच्या परीक्षेत दोनदा गाडी अडकलेली, लंडनमध्ये एका बालवाडीत मुलं सांभाळायची. बस, झालं. साखरपुड्याआधी दोघं मोजून डझनभर वेळा भेटली असतील. ती त्याला 'सर' म्हणायची! वर्तमानपत्रवाले तिच्या दाराशी बसायला लागले तेव्हा मुलाच्या वडिलांनी, फिलिपनी, मुलाला पत्र लिहिलं, की पोरीचं नाव खराब होतंय, काय तो निर्णय घे. मुलाने त्याचा अर्थ 'कर आता लग्न' असा लावला.

२४ फेब्रुवारी १९८१ ला साखरपुडा जाहीर झाला. त्या दिवशीची मुलाखत मी आज परत पाहिली. पत्रकार विचारतो, प्रेमात आहात ना? ती पटकन म्हणते, अर्थातच. तो म्हणतो, प्रेमात असणं म्हणजे जे काही असेल ते. आणि ती हसते. ते हसू मला बघवत नाही.

लग्नाआधी काही दिवस तिला एक ब्रेसलेट सापडलं, त्याने कॅमिलासाठी करून घेतलेलं. कॅमिला १९७३ पासून दुसऱ्याची बायको, पण याच्या मनातून गेलेली नव्हती. डायनाने बहिणींना सांगितलं, मला हे लग्न नको. बहिणी म्हणाल्या, तुझा चेहरा टॉवेलांवरसुद्धा छापून झालाय, आता उशीर झाला. (आपल्याकडे पत्रिका वाटून झाल्यात म्हणतात.) पोशाखासाठी पहिल्यांदा माप घेतलं तेव्हा कंबर २९ इंच होती, लग्नाच्या दिवशी साडेतेवीस. हे तिनेच पुढे टेपवर सांगून ठेवलंय. खायचं आणि ओकायचं, हा आजार साखरपुड्यानंतरच्या आठवड्यात सुरू झाला. इतकी माणसं दिमतीला असताना कुणी विचारलं नसेल, पोरी, वाळतेस का?

२९ जुलै १९८१, सेंट पॉल्स कॅथेड्रल. जगभरात ७५ कोटी लोकांनी टीव्हीवर पाहिलं म्हणतात. पोशाखाचा मागचा झोळ २५ फुटांचा. बग्गीत वडिलांशेजारी तो कोंबून बसवल्यामुळे उतरताना सगळं तॅफेटा, म्हणजे ते रेशमी कापड, चुरगळलेलं, मागे बायका ते ओढून सारखं करतायत. शपथ घेताना तिने नवऱ्याच्या नावांची अदलाबदल केली, चार्ल्स फिलिपचं फिलिप चार्ल्स झालं. आणि त्या चर्चमधून चालत जाताना तिने पाहुण्यांत कॅमिला हेरली होती.

वाईट याचं वाटतं की ती मोडक्या घरातूनच आली होती. सहा वर्षांची असताना आई घर सोडून गेली. मुलांच्या ताब्याची केस उभी राहिली तेव्हा आजीने, स्वतःच्या मुलीच्या विरोधात, जावयाच्या बाजूने साक्ष दिली. ही तीच आजी, राजमातेच्या गोटातली. अशा पोरीने ठरवलं असणार, आपलं घर काही मोडायचं नाही.

चार्ल्सला खलनायक करायला मी तयार नाही. तोही घरच्यांच्या यादीतूनच बायको निवडत होता. आणि तीही काही सतीसावित्री नव्हती, जेम्स ह्यूइट या लष्करी अधिकाऱ्यावर आपलं प्रेम होतं हे तिने १९९५ च्या त्या बीबीसीच्या मुलाखतीत कबूल केलंच. 'या लग्नात आम्ही तिघं होतो, त्यामुळे जरा गर्दीच होती' हे त्याच मुलाखतीतलं. ती मिळवायला पत्रकाराने तिच्या भावाला बनावट बँक स्टेटमेंट दाखवली होती, हे २०२१ च्या चौकशीत बाहेर आलं. म्हणजे नवऱ्याशी बोलता येत नव्हतं, आणि ज्याच्याशी बोलली त्याने फसवून आत शिरकाव केलेला.

ताजमहालाचा फोटो ११ फेब्रुवारी १९९२ चा. चार्ल्स त्या दिवशी बंगळूरला कामात होता. १९८० मध्ये तो एकटाच ताज बघून गेला होता आणि बायकोला घेऊन परत येईन म्हणाला होता. पत्रकारांनी ते बरोबर लक्षात ठेवलं होतं. तीही भोळी नव्हती, कुठे बसलं की काय फोटो येईल हे तिला चांगलं कळायचं. तीच जाण तिने १९८७ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलात वापरली होती: एड्सच्या रुग्णाशी हातमोजे न घालता हस्तांदोलन. शिवल्याने रोग होतो असं लोक मानत होते तेव्हा तो एक फोटो पुरला. तिचं मला सगळ्यात आवडतं ते हे.

२८ ऑगस्ट १९९६ ला घटस्फोट. 'हर रॉयल हायनेस' काढून घेतलं. पुढे एक वर्ष आणि तीन दिवस मिळाले तिला. त्यात ती अंगोलात भूसुरुंगांच्या रानातून चिलखत घालून चालली आणि आपले ७९ पोशाख न्यूयॉर्कला लिलावात काढून पैसे दान केले. कल्पना थोरल्या मुलाची, विल्यमची.

अंत्ययात्रा ऐन गणपतीच्या दिवसांत होती. आदल्या दिवशी मदर तेरेसा गेलेल्या. शवपेटीवर पांढरी फुलं, त्यात एक पाकीट, वर 'मम्मी' लिहिलेलं. मागे पंधरा आणि बारा वर्षांची दोन पोरं चालतायत. माझी आई तेव्हा टीव्हीसमोर उभीच होती, म्हणाली, अगं, त्या धाकट्याला कशाला चालवतायत एवढं?

चार्ल्स-कॅमिलाचं लग्न २००५ मध्ये झालं, साधं, नोंदणी पद्धतीचं. ६ मे २०२३ ला तिला राणीचा मुकुट चढला. सत्तरच्या दशकात जी सून म्हणून चालण्यासारखी नव्हती म्हणतात, ती ५० वर्षांनी राणी म्हणून चालली. मग आधीच का नाही करून दिलं? मधल्या मध्ये त्या बालवाडीतल्या पोरीला आणायचं काय नडलं होतं?